रिकाम्या बाकांपुढचा पाचवा पाठ

मंगळवार, दिनांक १२ डिसेंबर २०२३, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. ही वेळ मी अंदाजाने देत नाही. पाठ सुरू झाल्याची वेळ निरीक्षण-पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची असते, आणि ती मी माझ्या हाताने लिहिली आहे. त्याच पत्रकावर पुढे विषय आहे, विज्ञान, इयत्ता सहावी, घटक, ‘हवेला वजन असते’. उपस्थित विद्यार्थ्यांचा रकाना त्या वेळी कोरा होता.

पस्तीस वर्षे मी भावी शिक्षकांना शिकवले. निवृत्तीनंतर चौदा वर्षे होत आली तेव्हा परळ आणि लालबाग यांच्या हद्दीवरील एका बी.एड. महाविद्यालयातून निरोप आला. तेथे पाठ-निरीक्षक मिळत नव्हता. प्राचार्य माझा जुना विद्यार्थी. मी आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो.

महाविद्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. खालचे दोन मजले एका मराठी शाळेचे होते. जून महिन्यात त्या शाळेचा शेवटचा वर्ग दुसऱ्या शाळेत सामावला गेला आणि दोन्ही मजले रिकामे झाले. बाक राहिले, फळे राहिले. काही फळ्यांच्या कोपऱ्यात शेवटच्या दिवसाचा पट आणि हजेरी अजून वाचता येत असे. आमच्या सराव पाठांसाठी दुसऱ्या मजल्यावरचा एक वर्ग आम्ही वापरत होतो, कारण मुलांच्या उंचीचे बाक तेथेच होते. जिन्याने उतरताना आवाज घुमत असे. शाळेच्या इमारतीत आवाज घुमू नये, असे मला वाटते. मुले असली की तो घुमत नाही.

शाळेत प्रत्यक्ष शिकवायला जाण्यापूर्वी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाच सदृश पाठ द्यावे लागतात. सदृश म्हणजे एकीने शिक्षिका व्हायचे आणि बाकीच्यांनी बाकांवर बसून सहावीची मुले व्हायचे. पद्धत जुनी आहे. तिच्यात थोडा पोरकटपणा आहे, पण उपयोग आहे. चाळिशीची बाई हात वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणते, तेव्हा तिला आपले बालपण आठवते आणि शिकवणारीला आपली चूक कळते.

टाळेबंदीत हे मोडले. तेव्हा पाठ पडद्यावर होत. चौकोनात नुसती आद्याक्षरे, ध्वनी बंद, चित्र बंद. शिकवणारी विचारी, ‘आवाज येतोय का?’ कोणी बोलत नसे. तरी हजेरी लागे. समोर कोणी दिसत नसताना शिकवण्याची, विचारण्याची आणि ‘शाब्बास’ म्हणण्याची सवय सर्वांना त्या काळात जडली. पुढे वर्ग भरू लागले, पण पटावर पन्नास आणि प्रत्यक्षात सात अशी स्थिती राहिली. त्या सातांपैकीही कधी दोन येत, कधी एक. मग प्रशिक्षणार्थी रिकाम्या बाकांपुढे पाठ देत. आपसात त्या याला ‘भिंतीला शिकवणे’ म्हणत.

त्या डिसेंबरापर्यंत असे आठ-दहा पाठ मी पाहिले होते. त्यांवर सही केली नव्हती. सराव म्हणून ते ठीक होते. विद्यार्थ्यावाचून पाठ होत नाही, हे माझे मत सर्वांना ठाऊक होते. त्या पाठांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. रिकाम्या वर्गात प्रश्न विचारताना प्रत्येक जण खिडकीकडच्या रांगेतील तिसऱ्या बाकाकडे पाहून विचारी. असा पाठ चालू असताना दुसरी कोणी वर्गात नसे, म्हणजे एकमेकींचे पाहून हे शिकल्या म्हणावे तर तसेही नव्हते. मी तिघींना कारण विचारले. ‘तिथं उजेड असतो म्हणून असेल, सर,’ असे तिघींनीही सांगितले. कारण पटण्यासारखे होते. मी ते सोडून दिले.

आता त्या मंगळवारच्या प्रशिक्षणार्थीविषयी. वय अडतीस. राहणार अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत. दोन मुलींची आई. गिरगावातील एका शाळेत ती दोन वर्षे तात्पुरती शिकवत होती. शाळेने जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण अट घातली होती: बी.एड. याच वर्षी पूर्ण व्हावे. त्यासाठी गुरुवारपासून माटुंग्याच्या शाळेत तिचा सेवाकाल, म्हणजे खऱ्या वर्गावर शिकवण्याचा काळ, सुरू व्हायला हवा होता, आणि सेवाकालासाठी पाच सदृश पाठांची स्वाक्षरी असलेली फाइल मंगळवारी सायंकाळी पाचपर्यंत कार्यालयात जमा व्हायला हवी होती. चार पाठ झाले होते. पाचव्याच्या दिवशी तिघी तापाने आजारी होत्या, आणि आपले पाठ संपल्यामुळे बाकीच्या आल्याच नाहीत. ती एकटी आली. हातात दोन फुगे, एक लाकडी पट्टी, दोरा आणि टाचणी.

प्राचार्य म्हणाला, ‘सर, बघून घ्या ना एवढा. वर्ष जाईल तिचं.’

‘पाठ बघेन,’ मी म्हणालो. ‘सहीचं नंतर बघू.’

माझ्या निरीक्षणाची रीत सांगायला हवी, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. मी वर्गाच्या मागे बसतो. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात पेन्सिल. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते एका आकड्याने नोंदवायचे. शिक्षकाने प्रश्न विचारला की चार. माहिती सांगितली की पाच. विद्यार्थ्याने उत्तर दिले की आठ. विद्यार्थी न विचारता, आपणहून काही बोलला की नऊ. विद्यार्थ्याचे म्हणणे शिक्षकाने उचलून धरले की तीन. शिक्षकाने सूचना दिली की सहा. शांतता असली की दहा. मिनिटाला वीस आकडे, वीस मिनिटांच्या पाठाला चारशे. हे काम विचार करून होत नाही. विचार मध्ये आला की तीन सेकंद निघून जातात आणि नोंद खोटी होते. हात आधी लिहितो, मन नंतर वाचते. हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली होती. पुढे मीच शेकडो निरीक्षकांना शिकवले, की पाठानंतर आपली आठवण एक सांगत असेल आणि पत्रक दुसरे, तर पत्रकावर विश्वास ठेवा.

पाठ बरा चालला होता. तिने पट्टीच्या मध्याला दोरा बांधून तराजू केला, दोन्ही टोकांना फुगवलेले फुगे लावले. बाकांकडे पाहून विचारले, ‘पट्टी कशी आहे? आडवी आहे की कुठं झुकली आहे?’ थोडी थांबली. ‘बरोबर. आडवी.’ मग टाचणीने एक फुगा फोडला. त्या रिकाम्या मजल्यावर आवाज मोठा झाला. पट्टी दुसऱ्या बाजूला झुकली. ती तिसऱ्या बाकाकडे पाहत थांबली, मान किंचित कलती करून, आणि मग म्हणाली, ‘हो, तसंही असू शकेल. आता आपण पुढे जाऊ या.’ फळ्यावर निष्कर्ष लिहिला. अकरा चाळीसला पाठ संपला.

मी पत्रक वाचू लागलो. चार, पाच, सहा आणि पुष्कळ दहा, एवढेच आकडे मला अपेक्षित होते. बोलणारी एकच व्यक्ती होती.

पत्रकावर आठ होते. जवळजवळ प्रत्येक चारनंतर एक आठ.

याचा उलगडा मी लगेच केला. चारनंतर आठ लिहायची हाताला पन्नास वर्षांची सवय. ती आपोआप झाली असणार. म्हातारपणी सवयी मनाला जुमानत नाहीत. मी खोडरबर काढला आणि तेवढ्यात खालची ओळ पाहिली. फुगा फुटल्यानंतरच्या जागी तीन आकडे सलग होते. नऊ, नऊ, नऊ. त्यानंतर तीन. त्यानंतर पाच.

नऊची सवय कोणाच्याच हाताला नसते. नऊ दुर्मीळ असतो. संपूर्ण पाठात एक मूलही आपणहून बोलत नाही, अशी शेकडो पत्रके माझ्या कपाटात आहेत. मी खोडरबर परत ठेवला.

ती फळा पुसत होती. मी विचारले, ‘फुगा फोडल्यावर तुम्ही म्हणालात, हो, तसंही असू शकेल. हे कोणाला?’

ती वळली. ‘तुम्हाला, सर.’

‘मी बोललो नाही.’

‘तुम्ही विचारलंत ना मागून? मला वाटलं मला मदत म्हणून विद्यार्थी झालात.’

‘काय विचारलं मी?’

तिने डस्टर टेबलावर ठेवले. ‘बाई, फुगा फुटला, पण त्यातली हवा वर्गातच आहे ना? ती काही बाहेर गेली नाही. मग तिचं वजन गेलं कुठं?’

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले, ऐकू आले होते त्याच गतीने. घड्याळ पाहिले. नऊ सेकंद लागले. तीन आकडे.

‘मी बोललो नाही,’ मी पुन्हा सांगितले.

‘मला पण आवाज बारीक वाटला,’ ती म्हणाली. ‘पण म्हटलं, सर मुद्दाम काढत असतील बारीक आवाज. आमच्या त्या जाड आवाजाच्या मैत्रिणी नाही का काढत?’ ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. खिडकीकडे तिने पाहिले नाही. मीही पाहिले नाही.

खाली रस्त्यावर मसाल्याच्या गिरणीचा घरघराट चालू होता. तिखटाचा वास वरपर्यंत येत होता. डिसेंबराच्या मानाने वर्गात उकडत होते. एवढ्याच गोष्टींची मी त्या वेळी मनात नोंद घेतली.

तिने फाइल पुढे केली. पाचव्या पाठाचे पान उघडे होते. ‘सर, सही?’

‘पाठ अपूर्ण आहे.’

‘मुलं नाहीत म्हणून?’

‘नाही. प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत म्हणून.’

हे वाक्य तोंडातून गेले तेव्हा मला ऐकू आले. त्याआधी मी त्याचा विचार केलेला नव्हता. वर्गात मूल आपणहून प्रश्न विचारते आणि शिक्षिका ‘पुढे जाऊ या’ म्हणते, यासाठी मी जन्मभर पाठ नापास केले आहेत. तीच चूक पुढे दिसली आणि तोच शेरा निघाला.

तिने फाइल मागे घेतली. ‘म्हणजे प्रश्न कोणी तरी विचारला, असं तुम्ही मानता.’

‘मी काही मानत नाही. पत्रकावर तीन वेळा नऊ आहे. त्यानंतर तुम्ही म्हणणं स्वीकारल्यासारखं केलंत आणि टाळलंत. अपूर्ण.’

‘पाचला फाइल द्यायची आहे, सर.’

‘ठाऊक आहे. पावणेतीनला पुन्हा घ्या.’

‘फुगे संपले.’

‘लालबागच्या नाक्यावर मिळतील.’

ती गेली. चप्पल हातात घेऊन जिना उतरावा, तसा तिच्या पावलांचा आवाज मुळीच आला नाही. की माझे लक्ष नव्हते, हे सांगता येणार नाही.

प्राचार्याला तिने फोनवर काही सांगितले असावे. तो वरून धावत आला. ‘सर, काय हे? उपस्थिती पंचवीस लिहून टाका. सगळीकडे लिहितात.’

‘सगळीकडे मी नसतो.’

‘तुम्ही निवृत्त झालात तेव्हा भाषणात मी रडलो होतो, सर. आज पुन्हा रडवू नका.’

‘भाषण लांबलं होतं म्हणून रडलास तू,’ मी म्हणालो. ‘खऱ्या विद्यार्थ्यासह पाठ झाला तर सही करीन. एक माणूस दे.’

‘कोण देऊ? मी स्वतः एकदम कसा बसू? विद्यापीठाची माणसं येणार आहेत.’

शेवटी शिपाई मावशी मिळाल्या. शाळा चालू होती तेव्हापासून त्या या इमारतीत आहेत. लालबागच्या चाळीत राहतात, मूळच्या मालवणकडच्या. त्यांना दुसऱ्या मजल्यावर आणले तेव्हा त्या दारात अडल्या. ‘माका कशाक ह्या वयात सहावीत घालतास? माझी चौथी पण पुरी नाय झालेली.’

‘बरं झालं,’ मी म्हणालो. ‘आधीच उत्तरं येत असलेली मुलं आम्हाला नकोत.’

‘मी खंय बसू?’

‘कुठंही.’

त्या पुढच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसल्या. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तिरक्या बसल्या. मी मागे बसलो. नवे पत्रक घेतले. वेळ लिहिली, दोन वाजून सत्तेचाळीस. या वेळी मी ठरवले होते की नजर घड्याळावर न ठेवता हातावर ठेवायची. हात काय करतो ते मला पाहायचे होते.

तिने सकाळचाच पाठ पुन्हा सुरू केला, पण सकाळची ती नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तिने जेवण केले नव्हते, हे तिच्या ओठांवरून दिसत होते. तिने पट्टी टांगली, फुगे लावले आणि विचारले, ‘मावशी, पट्टी कशी आहे?’

‘सरळ असा. आमच्या चाळीच्या जिन्यापेक्षा सरळ.’

आठ, हाताने लिहिले. योग्य.

‘आता मी एक फुगा फोडणार आहे. काय होईल सांगा बघू?’

‘काय होतला? आवाज होतला. माका आधी सांगून फोड हां बाय, माझा बीपी असा.’

‘पट्टीचं काय होईल?’

मावशींनी विचार केला. ‘फुटलेल्या बाजूक हलकी होतली. भरलेलो फुगो खाली जातलो.’

‘शाब्बास!’

‘बघा,’ मावशी मागे वळून मला म्हणाल्या, ‘चाळीस वर्षांत पयल्यांदा कोणी शाब्बास म्हणाला. घराक जाऊन सांगतंय.’

तिने टाचणी लावली. फुगा फुटला. ‘अगो बाय माझे!’ म्हणत मावशींनी छातीवर हात ठेवला. पट्टी झुकली.

मग शांतता झाली. हाताने दहा लिहिले. पुढचे तीन सेकंद. दहा. मावशी गप्प होत्या. ती गप्प होती. मला काहीही ऐकू आले नाही. गिरणीचा घरघराट, एक हॉर्न, दोरा हलताना पट्टीची बारीक करकर, एवढेच. मी हाताकडे पाहत होतो.

हाताने नऊ लिहिले.

मी बोटे घट्ट केली. पेन्सिल थांबली नाही. नऊ. मी मान वर केली. मावशी मागे वळल्या होत्या. या वेळी माझ्याकडे नाही, खिडकीच्या दिशेने. वर्गात एखादे मूल बोलू लागले की बाकीची जशी वळून पाहतात, तशा. तोंडावर भय नव्हते. नुसते लक्ष होते. मी पुन्हा कागदाकडे पाहिले. तिसरा नऊ लिहून झाला होता.

फळ्याजवळ ती उभी होती, तिसऱ्या बाकाकडे पाहत. या वेळी तिने ‘पुढे जाऊ या’ म्हटले नाही. फुटलेल्या फुग्याचे रबर उचलून तळहातावर घेतले आणि सावकाश बोलू लागली.

‘चांगला प्रश्न आहे. हवा कुठंच गेली नाही. ती या वर्गातच आहे. तिचं वजनसुद्धा तेवढंच आहे, कमी झालं नाही. आधी ती फुग्यात दाबून भरली होती, म्हणून तिचा भार पट्टीवर येत होता. आता ती सगळ्या वर्गात पसरली. तुझ्या भोवती, माझ्या भोवती. पट्टीला तिचा भार कळत नाही, कारण ती एका जागी नाही. पट्टीला कळत नाही म्हणजे ती नाही, असं नाही.’

ती थांबली. बाकाकडे पाहून विचारले, ‘कळलं का?’

मावशी काही बोलल्या नाहीत. हाताने आठ लिहिले. एकच.

ती हलकेच मान हलवून फळ्याकडे वळली. तीन वाजून आठ मिनिटांनी पाठ संपला.

मी मावशींना विचारले, ‘फुगा फुटल्यावर तुम्ही खिडकीकडे का वळलात?’

‘कधी?’

‘फुगा फुटल्यावर, थोड्या वेळानं.’

‘वर्गात बसला की माणूस मागे बघताच की, सर. आमच्या बाई तेवढ्यासाठी हातावर पट्टी मारायच्या.’ त्या बाकातून कष्टाने बाहेर आल्या. ‘पण ह्या बाईन सांगितलान ता माका समाजला. हवा खंय जाणा नाय.’

त्या चहा ठेवायला गेल्या. मी याहून अधिक विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी माझ्या समाधानासाठी काही तरी सांगितले असते, आणि मग मला ते नोंदवावे लागले असते.

प्राचार्य खाली आला तेव्हा मी दोन्ही पत्रके टेबलावर शेजारी ठेवली होती. सकाळच्या पत्रकावर शेरा लिहिला होता: अपूर्ण, विद्यार्थ्याच्या स्वयंस्फूर्त प्रश्नास उत्तर दिले नाही. दुपारच्या पत्रकावर: उत्तीर्ण, प्रश्नास पूर्ण उत्तर दिले. दुपारच्या पत्रकावर उपस्थितीचा रकाना अजून कोरा होता.

‘झालं तर मग,’ तो म्हणाला. ‘एक लिहा, सर. मावशी. पुस्तिकेत किमान संख्या दिलेलीच नाही, मी आत्ताच बघून आलो. काम झालं.’

एक लिहिणे सोपे होते. एक लिहिले असते तर कोणीही काही विचारले नसते. तिचे वर्ष वाचले असते, गिरगावची जागा वाचली असती. फक्त पत्रक खोटे ठरले असते. मावशींनी कोणताही स्वयंस्फूर्त प्रश्न विचारला नव्हता, हे मावशीही सांगतील. मग नऊ कोणाचे? ते खोडावे लागले असते. मी आजवर एकाही पत्रकातील एकही आकडा खोडलेला नाही.

पण वर्ष माझे जाणार नव्हते. ती दारापाशी उभी होती. मी तिला विचारले, ‘वर्गात विद्यार्थी किती होते?’

प्राचार्य घाईने म्हणाला, ‘अहो, एक म्हणा.’

तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझ्या घड्याळात सव्वाचार झाले होते. ‘सर, दोन लिहिलं आणि कोणी नाकारलं तर?’

‘तर वर्ष जाईल. एक लिहिलं तर जाणार नाही. मी दोन्हींवर सही करीन, पण एक लिहायचं तर पत्रक नव्यानं करावं लागेल. ते मला करता येईल. अर्धा तास लागेल.’

हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यात एकदाच पत्रक नव्याने करण्याची तयारी मी दाखवली.

ती दारातून आत आली. मग म्हणाली, ‘तिला उत्तर दिलं मी. आता ती नव्हतीच, असं कसं लिहू?’ आणि थोड्या वेळाने: ‘दोन, सर.’

मी रकान्यात दोन लिहिले आणि सही केली. वेळ घातली.

प्राचार्याने पत्रक उचलले. ‘दोन म्हणजे कोण कोण?’

‘एक मावशी.’

‘आणि दुसरी?’

‘नाव विचारलेलं नाही.’

त्याचा चेहरा, वर्गात असताना उत्तर न आल्यावर होई, तसा झाला. खिडकीच्या रांगेकडे त्याने एकदा चटकन पाहिले आणि लगेच नजर काढली. ‘तपासणीत विचारलं तर मी काय सांगू?’

‘निरीक्षकाला विचारा, असं सांग. माझा फोन नंबर आहे तुझ्याकडे.’

‘सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत, की जे दिसत नाही ते लिहायचं नाही.’

‘मी शिकवलं, की जे घडलं ते लिहायचं. तू तेव्हाही अर्धंच ऐकत होतास.’

त्याने खिशातून पेन काढले, दोनदा झाकण लावले, दोनदा काढले, आणि प्रतिस्वाक्षरी केली. फाइल तिच्या हातात दिली. मी तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. कार्यालयातील बाईंनी पाने उलटली, पाचव्या पाठापाशी क्षणभर थांबल्या, ‘दोनच?’ म्हणाल्या, आणि ‘हल्ली मुलं येतात कुठं,’ असे स्वतःशीच म्हणत शिक्का मारला. पाचला तेरा मिनिटे कमी होती.

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. गुरुवारी वेळेवर जा, एवढेच म्हणालो. ती जिना उतरून गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाऊल थबकल्याचा आवाज मला वरून आला. मग पुन्हा पावले सुरू झाली.

त्या वर्गात मी पुढे मार्चपर्यंत पाठ पाहिले. मावशी किंवा वरच्या मजल्यावरील कोणी तरी बाकावर असे, कारण मी तशी अट घातली होती. नऊ पुन्हा आला की नाही, ते त्या पत्रकांवर आहे. येथे तो विषय नाही.

त्या दिवशी मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो आणि माटुंग्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. गुरुवारपासून आमची एक प्रशिक्षणार्थी येते आहे, तिला सहावीचा विज्ञानाचा तास द्यावा, आणि जमल्यास पहिला पाठ हवेच्या वजनाचाच ठेवावा, असे सांगितले. त्या हो म्हणाल्या. मी विचारले, वर्गात मुले किती.

‘पटावर एकतीस, सर. येतात सत्तावीस-अठ्ठावीस.’

‘सत्तावीस की अठ्ठावीस?’

त्या हसल्या. मी थांबलो. त्यांनी हजेरीपत्रक मागवून पाहिले. त्या दिवशी एकोणतीस आली होती. मी तो आकडा वहीत लिहून घेतला.